पाट्यावरची चिमूट

मिक्सरइतकी उगाच डोक्यावर चढवून ठेवलेली वस्तू मी उभ्या आयुष्यात दुसरी पाहिली नाही. आता तो घरोघर आहे, माझ्याही ओट्यावर आहे, पण लसणाची चटणी मी अजून त्यात करत नाही. सून हसते. ‘आई, दोन मिनिटांत होईल,’ म्हणते. होईल गं बाई. दोन मिनिटांत भुगा होईल, गरम होईल आणि वायर जळल्याचा वास येईल. चटणी तेवढी होणार नाही. पण माझं मिक्सरशी वाकडं आहे ते नुसत्या चवीपायी नाही. तो आमच्या घरात ज्या माणसाबरोबर आला, त्या माणसापायी आहे. म्हणजे माझ्या नवऱ्यापायी.

सत्तर सालानंतरची गोष्ट. माझं माहेर सांगलीचं, पेठेतलं. लग्न होऊन आले ती कडेगावकडच्या एका वाडीवर, उसाच्या घरात. सासरे फौजेत होते, पेन्शनीत आले आणि थोड्याच वर्षांत गेले. घरात आम्ही तिघंच. सासूबाई, हे आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. ह्यांनी साताऱ्याला राहून मशिनीचं शिक्षण घेतलेलं, नोकरी आमच्याच भागातल्या साखर कारखान्यात. शिकले खरे, पण उंबरा ओलांडून आत आले की बोली गावची, आणि जीभ तर त्याहून गावची.

ह्यांच्या जेवणाचा काय थाट सांगू! ताट पुढं आलं की घास तोंडात जायच्या आधी कपाळाला आठी. ‘मीठ कमी हाय.’ रोज! आमटीत कमी, भाजीत कमी, पिठल्यात कमी. ‘सांगलीत मीठ मिळत न्हाई काय गं?’ मीही काही कमी नव्हते. ‘मिळतं की, पण माणसांना पुरेल एवढंच,’ म्हणायची. मग ह्यांनी बुक्कीनं कांदा फोडायचा, पाट्यावरचा खर्डा दोन बोटांनी निपटून चाटायचा आणि तिसरी भाकरी मागायची. दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, एकदम. आत्याबाई ओरडायच्या, ‘आरं, लहान हायस काय?’ तरी चालूच.

नवीन होते तेव्हा एकदा ह्या मिठाच्या बोलण्यानं मला रडू आलं. आत्याबाई चुलीपुढून म्हणाल्या, ‘रडू नगं. मागतोय न्हवं? घरचा हाय म्हनून मागतोय. पाव्हणा कवा मागतोय व्हय? त्यो म्हनतोय, छान झालंय, आन उठतोय.’ मी डोळे पुसले आणि मिठाची बरणी ह्यांच्या ताटाशेजारीच ठेवायला लागले.

मग कारखान्यात नवीन मशीन यायचं ठरलं आणि ते शिकून यायला ह्यांना जर्मनीला पाठवलं. वाडीवर केवढा गाजावाजा! निघायच्या सकाळी आत्याबाईंनी मात्र ह्यांच्या हातावर दही घातलं आणि गाडी नजरेआड होताच परत येऊन पाट्यापाशी बसल्या.

आमच्या घराची एक रीत होती. गावात दुसरीकडं कुठं मी ती ऐकली नाही. घरातला कुणी परमुलखात गेला की रोज तिन्हीसांजेला चटणी वाटायची आणि पहिली चिमूट त्याच्या नावानं पाट्याच्या कोपऱ्यात काढून ठेवायची. आत्याबाईंच्या आजेसासऱ्यांना मोठ्या लढाईत पार समुद्रापलीकडं बसऱ्याला नेलं होतं, तेव्हापासूनची म्हणे ही रीत. तो माणूस परत आला की पाय धुवायच्याही आधी त्यानं ती चिमूट चाटायची. चाटली की तो आला. तोवर, गाडीतून उतरलेला असला तरी आलेला नाही.

मी मॅट्रिक झालेली. मला ह्याचं हसूच यायचं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पाटा धुवायला घेतला तर कोपऱ्यातली चिमूट नाहीशी. उंदीर असेल, म्हटलं. तिसऱ्या दिवशी नीट बघितलं. दगडावर तांबूस तेलाचा जो डाग राहिला होता त्यात दोन सरळ वाटा होत्या, शेजारी शेजारी. कुणीतरी दोन बोटांनी निपटल्यासारख्या.

पण मीही हट्टी. त्या संध्याकाळी पाट्याभोवती चुलीतली राख चाळून पसरली. उंदीर असो, मुंगूस असो, पाय उमटतीलच. सकाळी राख जशीच्या तशी होती. एक रेघ नाही. आणि चिमूट गेलेली.

‘जेवला,’ आत्याबाई म्हणाल्या. जणू दूध तापलं असं सांगावं, तशा म्हणाल्या. मग मी राख पसरायची बंद केली. खरं सांगते, भीती वाटायची, आणि बरंही वाटायचं. एवढ्या लांब, कुठल्या बर्फात माझा माणूस, पण रोज घरची चटणी चाटून जातोय. कधीकधी मी मुद्दाम लसूण जास्त घालायची.

हे परत आले ते उन्हाळ्यात. कराडपासून जीप केली होती. सगळी वाडी अंगणात. जीपमधून उतरले ते गोरे झालेले, थोडे भरलेले, केस मागं बसवलेले. मला आनंदानं रडूच फुटलं. आत्याबाई पाटा दोन्ही हातांनी उचलून उंबऱ्यापाशी घेऊन उभ्या राहिल्या. त्या वयात तो दगड कसा उचलला कोण जाणे. कोपऱ्यात चिमूट होती.

ह्यांनी तिच्याकडं बघितलं, हसले आणि म्हणाले, ‘नंतर, आई. हात धुतलेले नाहीत.’

आई! जन्मभर ‘आये’ म्हणणारा माणूस. मी मनात म्हटलं, तिकडची सवय. पण आत्याबाईंचा चेहरा मी बघितला. त्यांनी पाटा खाली ठेवला नाही, बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. लोकांची झुंबड खोक्याभोवती पडली होती, कारण खोक्यातून मिक्सर निघाला होता.

त्या मिक्सरचं कौतुक काय विचारता! त्याची पिन इथल्या भोकात बसेना. सांगलीत शोधली, साताऱ्याला शोधली, मिळेना. शेवटी वायरमननं वायरी सोलून भोकात घातल्या आणि काड्यापेटीच्या काड्या ठोकून घट्ट केल्या. बटण दाबल्याबरोबर गोठ्यातल्या म्हशी दावं तोडायला लागल्या. चटणी निघाली ती कोमट आणि बुळबुळीत. बायकांनी बोटावर घेऊन चाखली आणि एकमुखानं म्हणाल्या, ‘लय भारी!’ जळलं मेलं ते भारी. एकीतसुद्धा खरं बोलायची हिंमत नव्हती. तसंच ह्यांनी आणलेल्या डब्यातल्या चीजचं. बाहेरदेशी ते फार नावाजलेलं असतं म्हणे. सरपंचांनी डोळे मिटून गिळलं आणि ‘पौष्टिक दिसतंय’ म्हणाले. उरलेलं मी कुत्र्याला टाकलं, तर त्यानं वास घेतला आणि लांब जाऊन बसलं.

रात्रीचं जेवण मी जीव ओतून केलं होतं. भाकरी, भरली वांगी, आमटी, ठेचा. हे बसले. मी मिठाची बरणी शेजारी सरकवली. त्यांनी शांतपणे सगळं संपवलं, तिसरी भाकरी मागितली नाही, कांदा फोडला नाही. उठताना म्हणाले, ‘छान झालंय.’

आत्याबाईंच्या हातातला घास तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी छान झालंय. तिसऱ्या दिवशी छान झालंय. एकाच सुरात, एकाच जागी थांबून. मला वाटलं, थट्टा चाललीये. मग म्हटलं, बघूया तरी. एका दिवशी आमटीत मीठच घातलं नाही. छान झालंय. एका दिवशी भाकरी मुद्दाम करपवली. छान झालंय. एका दिवशी चहात साखरेऐवजी मीठ घातलं आणि दाराआड उभी राहून बघत बसले. फुर्र फुर्र करत बशीभर चहा प्याले, बशी खाली ठेवली आणि भिंतीकडं बघून म्हणाले, ‘छान.’ तिथं ऐकायला कुणी नव्हतं.

मी ती बशी उचलून नेली आणि राखेनं तीनतीनदा घासली.

बाकी काही वेगळं नव्हतं हो. आवाज तोच, पाठीवरचा व्रण तोच. कामावर जात, पगार आणून आत्याबाईंच्या हातात देत, माझ्याशी गोड बोलत. आधी कधी एवढं गोड बोलले नव्हते. शेजारणी म्हणायच्या, ‘नशीब काढलंस बाई, परदेशानं माणूस सुधारला.’ काय सांगणार त्यांना? की मला शिव्या हव्यात? माझ्या गळ्यातलं सोनं काढून दिलं असतं मी त्या एका ‘मीठ कमी हाय’साठी.

आणि आत्याबाई. पाटा आता मिक्सरमुळं भिंतीला लागला होता, पण त्या रोज तिन्हीसांजेला तो आडवा करत, एवढीशी चटणी वाटत आणि चिमूट काढून ठेवत. मी एकदा चिडून बोलले, ‘आवं आत्याबाई, कुणासाठी काढताय आता? आलेत की ते.’

त्यांनी वर बघितलं नाही. ‘त्यो अजून आला न्हाई.’

सकाळी मी पाटा बघितला. चिमूट गेलेली. दोन बोटांच्या वाटा. आणि हे रात्रभर माझ्या शेजारी निजलेले होते, मी डोळ्याला डोळा लावला नव्हता. मी तशीच परसात जाऊन बसले आणि पोटभर रडले. माझा माणूस आला नाही, आणि माझ्या घरात माणूस आहे. हे मी कुणाच्या पुढ्यात बोलणार होते?

एका रविवारी दुपारी आम्ही तिघं ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो. आत्याबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, ‘तिकडं जेवायचे हाल झाले आसतील न्हवं?’

‘नाही, आई. उत्तम जेवलो.’ हे शेंगा फोडत बोलत राहिले. सुरुवातीला नुसते पाव आणि उकडलेले बटाटे असायचे म्हणे. पण संध्याकाळ झाली की तोंडात आपोआप लसणाची चव यायची आणि त्या चवीवर सगळं खपायचं. कारखान्यातले बाकीचे लोक मोठमोठ्या हॉटेलात पैसे घालून जेवायचे आणि तक्रार करायचे, ह्यांना बटाटाही गोड लागायचा. मी आत्याबाईंकडं बघितलं. त्या शेंगा फोडायच्या थांबल्या होत्या.

‘मग?’

मग ह्यांची खोली बदलली. एका म्हाताऱ्या बाईच्या घरात जागा मिळाली. तिचा एकुलता मुलगा लढाईच्या वेळी रशियात लढायला गेला तो परतलाच नव्हता. ती रोज टेबलावर त्याची बशी मांडायची. उकडलेले बटाटे, लोणी, पावाचा तुकडा. शेजारी घडी केलेला रुमाल. एका संध्याकाळी फार बर्फ पडत होतं, तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ह्यांना हाताला धरून त्या खुर्चीवर बसवलं आणि ती बशी पुढं केली.

‘आन तू जेवलास?’

‘म्हातारी रडत होती, आई. नाही कसं म्हणायचं? जेवलो. तिला बरं वाटावं म्हणून छान झालंय म्हणालो. मग रोज तिथंच जेवत होतो.’

‘आन लसणीची चव?’

हे आठवत राहिले. कपाळावर आठी पडेल असं मला वाटलं. पडली नाही. ‘ती त्या दिवसापासून गेली,’ म्हणाले.

शेंगांचं सूप आत्याबाईंच्या मांडीवरून घसरलं. हे उठून आत गेल्यावर त्या माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या नावानं काढल्यालं पान जेवला गं ह्यो. त्या पोरानं काय समजावं? आयनं हाक मारली, पान मांडलं, आन पानावर ह्यो बसलेला. त्यो ह्याच्यातच बसला. आन माझा तिथं उंबऱ्याभाईर ऱ्हायला. हितली चिमूट चाटतोय, पर घरात यायला जागा न्हाई त्याला.’

भर उन्हाची वेळ होती. तरी मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला. ‘मग आता काय करायचं?’

मला वाटलं, आता देवऋषी, उतारा, लिंबू. आत्याबाई म्हणाल्या, ‘करायचं काय? पोरगं हाय ते. कुनाचं का आसंना. त्याला बी त्याच्या घरी जायाचं आसंल. पोटभर वाढू आन वाटंला लावू.’

कराडहून पाव आणवला. बटाटे उकडले, घरचं लोणी काढलं. आत्याबाईंनी ट्रंकेतून सासऱ्यांचा फौजेतला पांढरा रुमाल काढला, घडी घालून ताटाशेजारी ठेवला. बाजूला मी पाट्यावर चटणी वाटत होते. मिक्सरला त्या दिवशी मी हात लावला नाही. मीठ घातलं, वाटून गोळा केला, तेवढ्यात आत्याबाई वाकल्या आणि त्यांनीही चिमटीनं मीठ टाकलं. मग पुन्हा टाकलं. त्या मनाशी काहीतरी पुटपुटत होत्या, मला ‘घातलंय हो’ म्हणवेना.

तिन्हीसांज झाली. हे पाटावर बसले, ताट बघितलं आणि काही न विचारता जेवायला लागले. बटाटा फोडायचा, लोणी लावायचं, खायचं. आत्याबाई समोर बसून वारा घालत होत्या. पोटच्या पोराला सुद्धा त्यांनी असा वारा घातलेला मी पाहिला नव्हता. ताट स्वच्छ झालं. ह्यांनी रुमालानं तोंड टिपलं.

‘छान झालंय.’

‘व्हय बाबा,’ आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी ह्यांचा उजवा हात ओढून घेतला आणि तळव्यावर दही घातलं. ‘जा आता. तुजी आय वाट बघती. लय वाट बघितली तिनं.’

ह्यांनी दही चाटलं. उठले, चपला न घालता अंगण ओलांडून वाटेपर्यंत गेले आणि उसाकडं तोंड करून उभे राहिले. वारा पडला होता. सगळ्या शिवारात पान हलत नव्हतं, आणि मधलीच एक सरी तेवढी सळसळत गेली, अगदी ओढ्यापर्यंत, कुणी चालत जावं तशी. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

हे वळले. झपाझप आत आले. ‘आये,’ म्हणाले, ‘भूक लागलीया. काय हाय?’

आये म्हणाले! मी ओठ दाताखाली धरले. आत्याबाईंनी नुसतं पाट्याकडं बोट दाखवलं. हे उकिडवे बसले, दोन बोटं कोपऱ्यातून निपटली आणि तोंडात घातली.

कपाळाला आठी पडली. ‘मीठ कमी हाय.’

मी तिथंच मटकन बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. हे बावचळून विचारतायत, ‘आगं, काय झालं? कमी हाय म्हनलं, न्हाई म्हनलं न्हाई,’ आणि मी हसतेय, रडतेय, मिठाची बरणी शोधतेय. बरणी दिली. त्यांनी वरून मीठ घेतलं, भाकरी मागितली, दुसरी मागितली, तिसरी मागितली.

हे हात धुवायला गेले तेव्हा पाट्यावर सांडलेला चटणीचा एक कण मी सहज जिभेवर ठेवला. ह्यांनी बोटं फिरवली तिथलाच, मीठ वरून घ्यायच्या आधीचा. आणि थुंकून टाकला. इतकं खारट की जिभेवर ठेववेना. दोघींनी मिळून तीनदा मीठ घातल्यावर दुसरं काय होणार?

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांच्याही ओठाला चटणी लागलेली होती. त्यांनीही चाखलं होतं.

बाहेर हे पाण्यानं चूळ भरत होते.

‘मागितलं न्हवं त्यानं?’ आत्याबाई हळूच म्हणाल्या.

‘व्हय.’

‘मग झालं तर.’

त्यांनी पाटा घासून धुतला, उभा केला, आणि पुन्हा कधी चिमूट काढून ठेवली नाही. त्यामुळं ती कुणी चाटून जातं का, हे बघायची वेळ माझ्यावर परत आली नाही. मी आत्याबाईंचे पाय धरावेत एवढे त्याचे उपकार मानते.

आता त्या नाहीत. मुलं मोठी झाली, सून आली. हे म्हातारे झालेत, पण ताट पुढं आलं की आठी पडते आणि मी बरणी सरकवते. परवा सून चिडली. म्हणाली, ‘आई, रोज कसं कमी असेल? आज मी चाखून सांगते, खरंच कमी आहे की बाबा उगाच म्हणतात,’ आणि तिनं आमटीत चमचा घातला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि मोरीत टाकला.